पोळपाटासमोरचा आरसा

वीस वर्षं मी काकूंच्या हातचं जेवलो आणि त्या वीस वर्षांत स्वयंपाक करतानाचा त्यांचा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता. पाठीबद्दल विचाराल तर ती मी आजही डोळे मिटून सांगेन. कमरेला घट्ट खोचलेला पदर, अंबाड्यातून कायम निसटलेली एक बट, आणि फुलका फुगला की किंचित वर होणारा उजवा कोपर. समोरून काकू आम्हाला भेटत त्या जेवणं आटोपल्यावर, सुपारी कातरताना. तोवरचा आमचा सगळा संवाद पाठीशी चाले.

दोष त्यांचा नव्हता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ओटा भिंतीला चिकटलेला असतो आणि स्वयंपाक करणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, मिळालेलं क्वार्टर इतकं आटोपशीर होतं की जेवणाचं टेबल अर्धं स्वयंपाकघरात आणि अर्धं बाहेरच्या खोलीत असे. दाराची चौकट बरोबर टेबलाच्या मधोमध यायची. नोकरीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत येऊन पडलेले आम्ही चौघे त्या टेबलाभोवती बसायचो. सुरुवातीला रोज संध्याकाळी, आणि पुढे लग्नं होऊन आपापले संसार थाटल्यावर फक्त रविवारी दुपारी. पण रविवार म्हणजे रविवार. त्याला सुट्टी नव्हती.

आमची नावं काकूंना ठाऊक होती, पण त्या ती वापरत नसत. ज्याची नोकरी जिथे, ते त्याचं नाव. जळगावचा एक जण रेल्वेत होता, तो रेल्वे. सोलापूरचा एक जण कोळसा मंत्रालयात लागला होता, तो कोळसा. रमजानच्या महिन्यात काकू त्याच्यासाठी संध्याकाळी डबा पाठवत आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असे, 'कोळसा'. ती वाचून त्याचा घरमालक बरेच दिवस डबा उघडून बघायला घाबरत होता. नागपूरची एक मुलगी वस्त्रोद्योगात होती, ती वस्त्र. आणि मी खत. पुढे माझी तीन ठिकाणी बदली झाली, त्यातली दोन खाती तर सांगायला बरी होती, पण काकूंच्या लेखी मी खतच राहिलो. एकदा तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, "बदली सरकारने केली आहे, मी नाही." लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तर दारातच विचारलं, "ये गं, खताची ना तू?" बायको ते अजून विसरलेली नाही.

तर पाठ. काकू वाढताना मागे वळून बघत नसत. फुलका तव्यावरून थेट जाळावर, जाळावरून चिमट्यात, आणि चिमटा डाव्या हाताने मागे. "कोळसा, ताट सरकव." कोळशाचं ताट खरंच रिकामं झालेलं असे. हे त्यांना कसं कळतं, याचा आम्ही बरेच दिवस अभ्यास केला. कळत होतं ते कानांनी. रेल्वे वाटीचा तळ खरवडायचा. कोळसा फुलक्याची चौघडी घालताना बोटं ताटावर वाजवायचा. वस्त्रला आणखी हवं असलं की तिच्या बांगड्या वाजायच्या थांबत. आणि मी पोट भरलेलं नसताना चमचा खाली ठेवायचो. नवा होतो, लाजायचो. पहिल्याच आठवड्यात भिंतीकडून आवाज आला, "खत, चमचा उचल. अजून दोन बाकी आहेत तुझे." मी दोन फुलके खाल्ले आणि बरोबर तिथेच पोट भरलं. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

एकदा कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलेले एक बडे अधिकारी काकांच्या ओळखीने जेवायला आले. मुंबईचे, मोठ्या हुद्द्याचे. काकूंनी त्यांना आमच्याच रांगेत बसवलं आणि स्वतः भिंतीकडे वळल्या. साहेबांना ते चमत्कारिक वाटलं असावं. तिसऱ्या फुलक्याला ते भिडस्तपणे म्हणाले, "बस, बस, पुरे." काकू न वळता म्हणाल्या, "तोंड पुरे म्हणतंय, ताट नाही म्हणत." साहेब सहा फुलके खाऊन गेले. काका मात्र तेवढा वेळ दाराच्या चौकटीत उभे राहून घाम पुसत होते.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण काकूंना त्यात गंमत नव्हती. का नव्हती ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही वस्त्रने खोदून विचारलं म्हणून. लहानपणी त्या शिकायला मामाकडे होत्या. घर खाऊनपिऊन सुखी, पण वाढणारी मामी स्वतःच्या मुलांकडे बघून वाढायची. ही भाची टोकाला बसलेली. मागायची सोय नव्हती. ताट रिकामं झालं की हात वाळेपर्यंत बसून राहायचं आणि मग सगळ्यांबरोबर उठायचं. "भूक लागायची त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या, "पण कुणाला कळायचंच नाही की मी बसली आहे." मग सुपारीचा अडकित्ता खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "माझ्या मागे एक जण जरी रिकाम्या ताटावर बसून राहिला, तर त्या दिवसापासून हे दुकान बंद. सांगून ठेवते." तेव्हा आम्ही हसलो. ज्या बाईला बांगड्या थांबलेल्या ऐकू येतात, तिच्या तोंडी ही धमकी निव्वळ शोभेची होती.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि दोघं नोएडातल्या एका सोसायटीत आठव्या मजल्यावर राहायला गेले. काका तिथे जेमतेम दोन वर्षं राहिले आणि गेले. मुलगी पुण्याला. ती आई एकटी म्हणून काळजी करायची, फोनवर भांडायची, पण काकू हलल्या नाहीत. रविवारी आम्ही मेट्रो बदलत बदलत तिथे जायचो. स्वयंपाकघर आता बाहेरच्या खोलीला उघडंच होतं, त्यामुळे टेबल पूर्णपणे एका खोलीत मावलं. ओटा मात्र पुन्हा भिंतीलाच होता. काकूंची पाठ आम्हाला होती तशी मिळाली.

आता जे आम्हाला फार उशिरा उमगलं ते इथेच सांगून टाकतो, कारण ते लपवून ठेवण्यात मला फुशारकी वाटत नाही. काकूंना ऐकू येईनासं झालं होतं. कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. टीव्हीचा आवाज लिफ्टपर्यंत यायचा, बेल चारदा वाजवावी लागायची. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते कुठे गेलं कुणास ठाऊक. पण समोर बसून बोललं की त्या चोख उत्तरं देत, आणि जेवताना फुलका अजूनही बरोबर त्याच ताटात पडत होता. तेव्हा आम्ही काय म्हणणार? वय झालंय, म्हणालो आणि जेवलो.

त्या घरात ओट्यामागच्या टाइल्सवर, बरोबर पोळपाटाच्या वर, एका खिळ्याला स्टीलची परात टांगलेली असे. कणीक भिजवायला दुसरी परात होती. ही नुसती टांगलेली. काकू ती रोज घासून लख्ख करत, इतकी की तिचा काठ झिजला होता. रेल्वेने एकदा विचारलं, "काकू, ही परात वापरत का नाही?" त्यांनी उत्तर दिलं, "वापरते." आम्ही आपसात डोळे मिचकावले. विक्षिप्तपणाच्या यादीत आणखी एक कलम, एवढंच आम्हाला वाटलं.

मग गेल्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं. टाइल्स जुन्या झाल्या होत्या, लाकूड फुगलं होतं. जुन्या टाइल्स फोडून भिंत उघडी झाली आणि त्याच आठवड्यात नातवाची मुंज निघाली. काकू दोन आठवड्यांसाठी पुण्याला निघाल्या. जाताना आम्हा चौघांना बोलावून म्हणाल्या, "पोळपाटासमोर आरसा बसवा. बाकीच्या भिंतीला काहीही लावा, मला फरक पडत नाही. आरसा मात्र पाहिजे."

"आरसा?" कोळसा म्हणाला. "किचनमध्ये?"

"समोरच उभा आहेस ना? मग मी काय म्हणाले ते ऐकलंस," काकू म्हणाल्या, आणि बॅग उचलून लिफ्टकडे गेल्या.

आता इथे आमच्याकडून जी चूक झाली ती फक्त केंद्र सरकारच्या नोकरांकडूनच होऊ शकते. दुसऱ्या कुणी सरळ बाजारात जाऊन आरसा आणला असता. आम्ही फाइल केली. रेल्वेच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बैठक झाली. तीन पर्याय: टाइल्स, लॅकर्ड काच, म्हणजे मागून रंग दिलेली चकचकीत काच, आणि आरसा. प्रत्येकाचे तीन-तीन दुकानांतून भाव मागवले. तुलनात्मक तक्ता मी केला, टिपणीही मीच लिहिली, कारण मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारा त्या टेबलावर कुणी नव्हता. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

मतं पडली. कोळसा म्हणाला, आरशावर वाफ धरते, तेल उडतं, त्यांना दिवसातून चारदा पुसावा लागेल, या वयात कशाला. रेल्वे म्हणाला, "यार, वास्तुवाले म्हणतात शेगडीजवळ आरसा म्हणजे आग दुप्पट. माझा विश्वास नाही, पण रिस्क कशाला?" मी म्हणालो, एका भिंतीवर दोन प्रकार म्हणजे विजोड दिसणार, सगळीकडे एकच काच असू दे. वस्त्र तेवढी म्हणाली, "त्यांनी आरसा मागितलाय ना? मग आरसा लावू या." तिचं मत टिपणीत नोंदवून घेतलं आणि पुढच्या परिच्छेदाला लागलो. मागणीचं कारण काय लिहावं असा प्रश्न आला, तेव्हा मी लिहिलं, 'मागणी सौंदर्यदृष्टीतून आलेली दिसते.' सत्तरीतल्या एका बाईला आरसा कशाला हवा असेल, याचा आम्ही त्यापलीकडे विचारच केला नाही. फोन करून विचारावं हेही कुणाला सुचलं नाही. फाइलवर असतं ते सगळं असतं, अशी आम्हाला सवय.

काचवाला कोटला मुबारकपूरचा होता. पिकलेल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. हस्तिदंती रंगाची लॅकर्ड काच सांगितली तेव्हा त्याने आमच्या कागदाकडे बोट केलं. "यहाँ तो आईना लिखा है. मैडम ने आईना क्यों माँगा था, पूछा आपने?"

"शौक़ है उनका," मी म्हणालो.

"अच्छा. देख लीजिए. गैस की आँच है तो काँच टफन करवानी पड़ेगी, मतलब भट्ठी में पकवानी पड़ेगी. एक बार टफन हो गई तो न कटेगी, न उसमें छेद होगा. कील भी नहीं लगेगी."

आम्ही "बिल्कुल" म्हणालो आणि पुढच्या कामाला गेलो. काच बसवायच्या दिवशी उघड्या भिंतीवर, पोळपाटाच्या जागेसमोर, पेन्सिलीच्या काही रेघा आणि फुल्या दिसल्या. मिस्त्रीच्या खुणा असतील, असं मी जवळ न जाताच म्हणालो. त्यांच्यावर काच चिकटली.

काकू आल्या. स्वयंपाकघर पाहून चौफेर फिरल्या. खरं सांगायचं तर ते देखणं झालं होतं. भिंत दुधासारखी झळझळत होती. काकू पोळपाटासमोर उभ्या राहिल्या, तोंड काचेजवळ नेलं, मागे घेतलं, परत जवळ नेलं. मग म्हणाल्या, "छान आहे. स्वच्छ आहे." आणि थोड्या वेळाने, "परात कुठे आहे?"

परात आम्ही खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. टांगायला खिळा नव्हता आणि खिळा मारायची सोयही नव्हती. काकूंनी ती काढून ओट्यावर भिंतीला टेकवून पाहिली. गुळगुळीत काचेवरून ती घसरली आणि गरगरत खाली आली. त्यांनी ती उचलून परत ड्रॉवरमध्ये ठेवली. आरशाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा रविवार मला विसरता येत नाही. कोळसा आणि रेल्वे कुठल्याशा पेन्शनच्या नियमावरून हमरीतुमरीवर आले होते. काकू ओट्याशी उभ्या. पाठ तीच, पण तिचं काहीतरी बिनसलेलं. मधेच वाकून त्या काचेत बघत, फडक्याने ती पुसत, पुन्हा बघत. हस्तिदंती काचेत माणसं दिसत नाहीत, नुसत्या सावल्या हलतात. फुलके मागे येत होते, पण रेल्वेलाच तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रेल्वे वाद घालत खात होता. माझं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. "काकू, आमटी," मी म्हणालो. पाठ हलली नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, तेवढ्यात मला कळलं की त्यांना ऐकू येत नाही आणि त्या काचेत आम्हालाच शोधत आहेत. म्हणून मी गप्प बसलो. ती माझी दुसरी चूक.

कारण काकू वळल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा, हातात लाटणं धरून, पूर्ण वळल्या. त्यांनी एकेक ताट पाहिलं आणि नजर माझ्या ताटावर थांबली.

"किती वेळ?"

"आत्ताच संपलं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी पुढे होऊन माझ्या ताटाच्या काठावर बोट फिरवलं. "वाळलंय ते," त्या म्हणाल्या.

जेवणं झाली, सुपारी कातरली गेली. निघताना दारात त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येऊ नका. झालं आता. खूप वर्षं केलं." लिफ्टमध्ये आम्ही चौघे उभे होतो. वस्त्र माझ्याकडे बघून म्हणाली, "सौंदर्यदृष्टी." एवढंच. मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच नोएडाला गेलो. चारदा बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, मी टेबलाशी त्यांच्या समोर, बरोबर समोर बसलो आणि विचारलं, "काकू, मशीन कुठे आहे?"

त्यांनी उठून मिसळणाचा डबा आणला, झाकण काढलं. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, धणेपूड, आणि मेथ्यांच्या वाटीत मेथ्यांऐवजी कानाचं मशीन. "घालून बघितलं," त्या म्हणाल्या. "ते सगळंच ऐकवतं रे. एक्झॉस्ट, कुकर, खालची पार्किंग. सगळं एका आवाजात. मला तेवढं नको. मला फक्त टेबलावरचं हवं होतं."

"मग परात?"

"परातीत दिसायचात. वाकडेतिकडे, पण दिसायचात. कोण खातंय, कोण थांबलंय. आरशात नीट दिसला असतात."

"सांगितलं का नाहीत, काकू? एक शब्द बोलला असतात तर..."

"तर तुम्ही मोठ्याने बोलायला लागला असतात." हे त्या इतक्या पटकन म्हणाल्या की ते उत्तर पुष्कळ दिवसांपासून तयार असावं. "माझी मुलगी बोलते तशी. एकेक शब्द तोडून. तसं बोलतात ना, खत, ते माणसाशी बोलत नाहीत, म्हातारीशी बोलतात. आणि चार ताटांकडे लक्ष ठेवता येत नाही म्हटल्यावर मी इथे एकटी कशाला राहायचं, पुण्याला जाऊन खोलीत बसावं, असं तीही म्हणेल आणि मग मीही म्हणेन."

मी त्यांना सांगितलं की टिपणी मी लिहिली होती. म्हणाल्या, "ते कळलंच. मुद्देसूद असणार." मग मी म्हणालो की शनिवारी काचवाल्याला घेऊन येतो. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला तेवढं पुरे होतं.

शनिवारी काचवाला आला. आम्ही चौघेही होतो. या वेळी भाव मागवले नव्हते, बैठक झाली नव्हती. पोळपाटासमोरचा तुकडा वेगळा होता, हे नशीब. त्याने तो वाजवून पाहिला. "साबुत नहीं निकलेगी. तोड़नी पड़ेगी," तो म्हणाला. आम्ही काकूंना मागे घेतलं, ओट्यावर चादर घातली. एका फटक्यात ती भलीमोठी काच साखरेच्या खड्यांएवढ्या कणांत खाली आली. आणि मागे भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तशाच.

मिस्त्रीच्या नव्हत्या. एक चौकट आखलेली होती, खालची रेघ काकूंच्या हनुवटीच्या उंचीला, वरची कपाळाच्या. चौकटीच्या खाली बारीक अक्षरांत 'वाफ इथवर' अशी नोंद, म्हणजे आरसा वाफेच्या वर राहावा. डावीकडे शेगडीपासून वीतभर अंतर सोडलेलं, तिथे 'आच'. आणि चौकटीच्या आत चार फुल्या. प्रत्येक फुलीखाली नाव. रेल्वे. कोळसा. वस्त्र. चौथी फुली बाकीच्यांपेक्षा चार बोटं खाली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'खत, वाकून बसतो'. हातआरसा घेऊन, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून, आमच्या उंच्या आठवून काकूंनी आमच्या जागा पक्क्या केल्या होत्या. आमच्या प्रत्येक आक्षेपाचं उत्तर त्या भिंतीवर आधीच दिलेलं होतं. खरी टिपणी ही होती आणि तिच्यावर मी काच चिकटवली होती.

रेल्वे खाली वाकून काचेचे कण गोळा करायला लागला. मला त्या क्षणी फार रडू येत होतं आणि मी ते फारसं आवरलंही नाही. काचवाला भिंत वाचू शकत नव्हता, पण चौकट त्याला समजली. त्याने टेप लावला आणि आदराने म्हणाला, "मैडम, नाप तो आपने पूरा ले रखा है." काकूंनी त्याचे ओठ पाहून मान डोलावली.

आरसा त्या मापाचा बसला आहे, आजूबाजूला साध्या पांढऱ्या टाइल्स आणि पलीकडे हस्तिदंती काच. दिसायला ते विजोड आहे. रेल्वेची बायको म्हणते, न्हाव्याचं दुकान दिसतं. दिसू दे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. काकूंनी पदर खोचला, भिंतीकडे वळल्या आणि पहिला फुलका तव्यावर टाकला. "कोळसा, भात आत्ता घेतोस की नंतर?" कोळशाने नुसती मान हलवली. "बरं, नंतर," काकू म्हणाल्या. "वस्त्र, बोलायचं तर मान वर करून बोल." इतकंच. ऐकू येत नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि हे एवढं म्हणाल्या.

आमच्यापैकी कुणीच ज्याचा विचार केला नव्हता ते असं, की आरशातून आम्ही त्यांना दिसत होतो तशा त्याही आम्हाला दिसत होत्या. मी घास हातात धरून बघत राहिलो. लाटताना त्या खालचा ओठ दातात धरतात. फुलका जाळावर टाकला की भुवया उचलून वाट बघतात. आणि तो फुगला की हसतात. दर वेळी, प्रत्येक फुलक्याला, कुणी पहिल्यांदाच फुगवून दाखवल्यासारखं. त्याच वेळी उजवा कोपर वर होतो. वीस वर्षं मी तो कोपर पाहिला होता आणि त्याच्या पलीकडे हे चाललेलं होतं.

मला पुढे खाता येईना. मी चमचा खाली ठेवला. आवाज होऊ न देता, अगदी हलकेच. वर पाहिलं तर आरशात काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"चमचा उचल, खत," त्या म्हणाल्या. "अजून एक बाकी आहे तुझा."

चिमटा मागे आला. मी ताट सरकवलं. मला खरंच अजून एक हवा होता.